गटवारी मशीन करेल, पण गर्दीचं काय?
क्लस्टरिंग (सारख्या गोष्टींचे मशीनने आपोआप गट पाडणं) लावलं की व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीतली विधानं आपापल्या गटात पडतात, तज्ज्ञांची गरजच नाही, असं काही जण म्हणतात. अर्धं पटतं. वाक्यांचा अर्थ आकड्यांत मांडणारं सेन्टेन्स-बर्ट हे मॉडेल २०१९ मध्ये आल्यापासून आयपिपसारख्या, व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्या तीन हजारांहून जास्त विधानांच्या खुल्या साठ्याची पहिली चाळणी साध्या लॅपटॉपवरही होते. पण दिशा निसटते. 'मी समारंभात सगळ्यांशी गप्पा मारतो' आणि 'अनोळखी लोकांत मी गप्पच असतो' ही दोन्ही बहिर्मुखतेचीच विधानं. दुसऱ्याचे गुण उलटे मोजायचे. मॉडेल दोघांना शेजारी बसवतं, उलट कोणतं ते सांगत नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत तर झोप न लागणं आणि अती झोपणं एकाच प्रश्नात आहे, तिथे काय करणार!

शिवाय मशीन पाहतं ते वाक्यांचं साम्य. फॅक्टर अ‍ॅनालिसिस, म्हणजे कोणती विधानं एकत्र जातात हे उत्तरांवरून शोधणारी संख्याशास्त्रीय पद्धत, पाहतं ते माणसांच्या उत्तरांमधलं नातं, आणि ते शहरागणिक बदलू शकतं. आम्ही मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांकडून मराठी प्रश्नावली भरून घेतली तेव्हा 'मी गर्दी टाळतो' हे विधान मॉडेलने बिनदिक्कत अंतर्मुखतेत टाकलं होतं. उत्तरं आली तर वर्गातली सगळ्यात बडबडी मुलंही 'पूर्ण सहमत'! संध्याकाळी दादरला गच्च भरलेली विरार फास्ट लोकल सोडून देणारा माणूस अंतर्मुख थोडाच असतो? अंतर्मुखतेच्या बाकीच्या विधानांशी या विधानाचा संबंध जवळपास शून्य निघाला. शेवटी तिथे 'लग्नकार्यात मी कोपऱ्यातली खुर्ची शोधतो' असं घातलं, ते चाललं.