दुधाच्या चहासाठी घरी पूड मिसळावी का? आसाम, निलगिरी आणि आपलं म्हशीचं दूध

टिळकवाडीकर:
माझं मत सरळ आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं म्हशीच्या दुधाचा चहा पिणाऱ्यांनी एकाच पाकिटावर विसंबू नये. आसामची सीटीसी (यंत्रात चुरून दाणेदार केलेली पूड) ३ भाग आणि दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरातल्या चहाची १ भाग, असं घरीच मिसळावं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के, गाईच्या दुधात साधारण ४. शिवाय दुधातलं केसीन हे प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, त्यामुळं दाट दुधात चहा दबतो. त्या दुधातून वर येण्याची ताकद आसामात आहे, रंगही त्याचाच. पण नुसता आसाम प्यायलात तर जीभ जड होते. निलगिरीची तरतरी आली की घोट मोकळा होतो. दार्जिलिंग मात्र यात घालू नका. त्याचा नाजूक वास म्हशीच्या दुधात सापडायचाच नाही, पैसे वाया.

निपाणीची सून:
दादा, पाकिटातली पूड म्हणजे मिश्रणच असतं की! अनेक मळ्यांचा माल चाखून, जमवून ते करतात. आसामात मे-जूनचा माल भरदार, पावसाळ्यातला हलका. तरी पाकिटाची चव बारा महिने तीच राहते, कारण चाखणारी माणसं प्रमाण बदलत राहतात. तुम्ही घरी एकदा जमवलंत आणि पुढच्या खेपेला दुकानदाराचा माल बदलला, तर परत पहिल्यापासून सुरुवात. ज्यांचं आयुष्य चाखण्यात गेलंय त्यांच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

टिळकवाडीकर:
वहिनी, त्यांच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण ते कुणासाठी मिसळतात? मोठ्या कंपन्या प्रांत बघून मिश्रण काढतात. दक्षिणेत डस्टला, म्हणजे भुकटीसारख्या बारीक पुडीला मागणी, महाराष्ट्र-गुजरातेत दाणेदार पुडीला. आपण नेमके सीमेवर. कागलात राहणाऱ्या तुमच्या नणंदेचा आणि तुमचा चहा एकाच पद्धतीचा असेल, पण मधे राज्याची हद्द आली म्हणून पाकीट वेगळं येऊ शकतं. आपल्या जिभेचा हिशेब आपणच करायला हवा.

शहापूर पेठ:
मी सुटी चहापूड विकतो, म्हणून मिसळण्याच्या बाजूनं बोलेन असं वाटेल. पण टिळकवाडीकरांच्या कृतीतली अडचण सांगायलाच हवी. काचेच्या बरणीत मोठा दाणा आणि डस्ट एकत्र भरा आणि बरणी दोन-चारदा हलवा. काळी बारीक पूड तळाशी उतरलेली बाहेरूनच दिसेल. मग वरच्या चमच्याचा चहा फिका आणि महिनाअखेरचा कडूजहर. चमच्यानं मोजलंत तर अजून घोळ, कारण डस्टचा चमचा जड भरतो. मिसळायचंच असेल तर दोन्हींचा दाणा सारखा घ्या, वजनावर मोजा आणि आठवड्यापुरतंच करा. सुट्या मालाची एक पारखही सांगतो: टिपकागदावर चिमूटभर पूड पसरून थोडं पाणी शिंपडा, मग पूड धुऊन टाका. कागदावर गडद डाग राहिले तर त्या पुडीला रंग दिलाय. ती माझ्याच दुकानातली असली तरी परत करा.

खानापूर जंगलाकाठ:
तुम्ही सगळे डब्यातच अडकलाय. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की सैल झाकणाची पूड मऊ पडते आणि शेजारच्या मसाल्याचा वास धरते. चार डबे उघडझाप करणाऱ्याचे चारही डबे जातात. दुसरं, निलगिरीची किंमत वासासाठी, आणि आपण चहा खदाखदा उकळतो. तो वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो, कपात येत नाही. मग मिसळून उपयोग काय?

टिळकवाडीकर:
म्हणून तर दोन्ही एकदम टाकायच्या नाहीत. आधणात आलं आणि आसाम उकळू द्या, दूध घालून एक उकळी आणा, गॅस बंद करा. निलगिरी तेव्हा टाकून २ मिनिटं झाकण ठेवा. वास कपात येतो.

निपाणीची सून:
मग ते मिश्रण कुठं राहिलं? दोन डबे, दोन वेळा. पहाटे साडेपाचला डबा भरायचा, मुलं उठवायची, सासऱ्यांचा गुळाचा चहा वेगळा. गूळ दुधाबरोबर उकळला तर फाटतो, म्हणून तिथं आधीच दूध वेगळं तापवावं लागतं. यात अजून २ मिनिटं झाकण धरून कोण उभं राहणार? ही चर्चा करणाऱ्यांपैकी रोज सकाळी चहा ठेवतं कोण, तेही सांगा.

टिळकवाडीकर:
सकाळचा मीच ठेवतो. तुमचा वेळेचा मुद्दा खरा आहे, आणि घाईच्या घरात पाकीटच बरं. पण दुपारी चारचा चहा निवांत असतो. तेवढ्यासाठी निलगिरीची छोटी डबी ठेवून बघा.

शहापूर पेठ:
डबी स्टीलची, घट्ट झाकणाची घ्या. काचेची घेतलीत तर कपाटात ठेवा, उजेडानं वास लवकर उडतो.