गाडीत काचा लावून झोपलेला माणूस सकाळी उठतच नाही, खरं आहे का? (केळीची गाडी, सावदा ते दिल्ली)

सावद्याची वहिनी

रामराम. माझे मिस्टर केळीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. सावदा-रावेरकडे माल भरतात आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवतात. हजार-अकराशे किलोमीटर, दोन रात्री रस्त्यात. दोन महिन्यांपूर्वी क्लिनर सोडून गेला, तेव्हापासून एकटेच जातात.

शेजारच्या काकूंनी मोबाईलवर आलेला मेसेज दाखवला की बंद केबिनमध्ये झोपलं की हवा संपते आणि माणूस झोपेतच जातो. सासूबाई म्हणतात, काच बोटभर उघडी ठेवायला सांग. मिस्टर म्हणतात, काच उघडी दिसली की चोर बेशुद्धीचा स्प्रे मारतात. त्यात मागच्या खेपेला रात्री दोन वाजता वर्दीतल्या एकाने दार वाजवून उठवलं. केबिनमध्ये झोपायला कायद्याने बंदी आहे म्हणाला आणि पाचशे रुपये घेऊन गेला. पावती नाही.

यातलं खरं काय, खोटं काय? मला रात्री झोप नाही, त्यांना तिकडे नाही.

दोन गाड्यांचा मालक, जळगाव

ताई, एसीची गाडी घ्यायला सांगा शेठला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. काचा लावायच्या, एसी चालू करायचा, बिनधास्त झोपायचं. मच्छर नाही, चोर नाही.

लळिंगचा म्हातारा ड्रायव्हर

शेठ, एसी कशावर चालतो? इंजिनवर. म्हणजे रात्रभर इंजिन चालू. तिथेच तर गोम आहे.

वहिनी, मी 31 वर्षं स्टेअरिंग धरलं. गुडघे गेले म्हणून आता घरी असतो, हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. तुमचे प्रश्न तीन आहेत, तिन्हींची उत्तरं वेगळी.

इंजिन बंद आणि काचा बंद, एवढ्याने कोणी गुदमरत नाही. केबिन म्हणजे काही लोणच्याची बरणी नाही. दाराच्या रबरातून, पेडलच्या भोकांतून, गिअरच्या बुटाखालून हवा येतच असते. माझ्या जुन्या गाडीत तं पावसाळ्यात पाणीही यायचं. जीव घेतो तो धुरातला कार्बन मोनॉक्साइड, विषारी गॅस. दिसत नाही, वास नाही. सायलेन्सरचा पाइप कुठे फुटला असेल किंवा मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर पाइपात जातो त्या जोडाचं, पॅकिंग गेलं असेल, आणि माणूस इंजिन चालू ठेवून झोपला असेल, तर तो खालून वर येतो. डिझेल इंजिनात पेट्रोलपेक्षा कमी होतो हे खरं आहे, पण आपण पाइपला तार गुंडाळून सहा महिने काढणारी माणसं. अशा वेळी सासूबाईंच्या बोटभर फटीवर विसंबू नका, कधीकधी धूर त्या फटीतूनच आत येतो.

एसीला माझा विरोध नाही. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली दुपारी झोपून दाखवावं कोणी. पण आधी पाइप टोकापर्यंत तपासून घ्या, आणि गाडी दुसऱ्या गाडीच्या धुराड्याला चिकटून लावू नका. मोकळी जागा असेल तर वाऱ्याच्या तोंडाला लावा.

आता शेगडीचं सांगतो, कारण ते माझ्यावर आलेलं आहे. जानेवारी होता, ग्वाल्हेर सोडून पुढे एका ढाब्यावर थांबलो होतो. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. ढाबेवाल्याकडून घमेल्यात लाल निखारे घेतले, केबिनमध्ये दोन सीटच्या मधे ठेवले, काचा गच्च लावल्या. क्लिनर खाली सीटवर, मी मागच्या फळीवर. धूर अजिबात नव्हता. म्हणूनच बरं वाटत होतं हो! रात्री कधीतरी लघवीला जाग आली. डोकं असं ठणकत होतं जसं कोणी आतून पाना मारतोय. उठायला गेलो तं पाय माझे नव्हतेच. दाराचा हँडल हाताला लागत होता, पण तो ओढायचा की दाबायचा हेच सुचेना. 20 वर्षं रोज उघडलेलं दार! कसाबसा खांद्याने ढकललं आणि तोंडावर खाली पडलो. गार हवेत जरा भान आलं, तेव्हा ओरडलो. ढाब्यावरच्या पोरांनी क्लिनरला पाय धरून बाहेर काढलं. तो उलट्या करत होता, म्हणजे जिवंत होता. मला जाग आली ती लघवीमुळे, नशीब म्हणा नाहीतर ढाब्यावरचा चहा म्हणा. धूर नसला तरी निखाऱ्यातून तोच गॅस निघतो. निखारे, गॅसची शेगडी, स्टो, काहीही असो, केबिनमध्ये नको. दोन गोधड्या जास्त द्या.

स्प्रेचं प्रत्येक ढाब्यावर ऐकलं, पण ज्याच्यावर मारला असा माणूस मला काही भेटला नाही. सगळ्यांच्या मेव्हण्याच्या मित्रावर मारलेला असतो. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने, रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने, हेच सांगितलंय की खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून झोपलेल्याला नकळत बेशुद्ध करता येत नाही. मला हे माझ्या पुतण्याने वाचून दाखवलं, तो फार्मसीला आहे. खरी भीती आहे ती अनोळखी माणसाच्या चहा-बिस्किटाची. ‘भाऊ, आपण पण खानदेशचेच’ म्हणत जो ग्लास पुढे करतो, त्याच्यापासून लांब राहा. आणि डिझेलची चोरी तर सर्रास. टाकीच्या बाजूने गाडी भिंतीला लावायची, टोपणाला कुलूप.

राहिला कायदा. केबिनमध्ये झोपणं हा गुन्हा आहे असं मोटार वाहन कायद्यात कुठेच नाही. प्रश्न असतो गाडी कुठे आणि कशी उभी आहे याचा. कलम 122 म्हणतं, दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडायची नाही. कलम 126 म्हणतं, लायसनवाला ड्रायव्हर सीटवर बसलेला नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे. म्हणजे बघा, इंजिन चालू ठेवून मागे फळीवर घोरणारा या कलमात सापडतो, इंजिन बंद करून झोपलेला नाही. कलम 127 मध्ये दहा तास बेवारस उभी असलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी टो करता येते. मिस्टर हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या जवळ उभे होते का, ते विचारा. तसं असेल तर उठवणाऱ्याने पैसे घेतले ते चुकलं, पण उठवलं ते बरंच केलं. मागून येणाऱ्या डोळा लागलेल्या ड्रायव्हरला उभी गाडी दिसत नाही. पंपावर, ढाब्याच्या आत, ट्रान्सपोर्टनगरात लावावी. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ड्रायव्हरसाठी ‘अपना घर’ आहे, तिथे खाट आणि अंघोळ मिळते.

आणखी एक, गाडीखाली झोपायचं नाही. उन्हाळ्यात आपली पोरं सावली बघून चाकांच्या मधे अंग टाकतात. दुसरा येऊन गाडी काढतो आणि संपलं. मी एकदा बघितलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

बाकी चेटकीण, छातीवर बसणारं भूत, बिजासन घाटात हाक मारणारी बाई... ती मलाही आली होती दोनदा. दोन्ही वेळा मी 20 तास जागा होतो.

दोन गाड्यांचा मालक, जळगाव

दादा, शेगडीचं मान्य, एसीचंही अर्धं मान्य. पण तुम्ही कलमं सांगायला लागलात तर ड्रायव्हर उद्या आठ तासांवर स्टेअरिंग सोडतील. केळी रस्त्यात पिकली तर भरपाई कोण देणार? मंडीत एक दिवस उशीर झाला की भाव पडतो.

लळिंगचा म्हातारा ड्रायव्हर

आठ तास मी नाही लिहिले, 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात होते. दिवसाला आठ, आठवड्याला 48, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता, म्हणून तुमच्या-आमच्यासारख्या दोन गाड्यावाल्याला कोणी विचारलं नाही. आणि शेठ, केळी कच्ची हिरवी भरतात, पिकवतात तिकडे जाऊन. चार तासांच्या झोपेने ती पिवळी होत नाहीत. पहाटे दोन ते पाचमध्ये ड्रायव्हर जागा ठेवून तुम्ही कमावता किती आणि एक गाडी उलटली की जातं किती, हा हिशेब कधी वहीत मांडलाय का?

भुसावळची सिस्टर

मी कॅज्युअल्टीला असते म्हणून दोन गोष्टी सांगते. हा गॅस लागलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा 98-99 दाखवतो आणि घरचे म्हणतात सगळं ठीक आहे. ते मशीन कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचं समजतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि बाहेर मोकळ्यात आल्यावर बरं वाटणं, एवढं दिसलं तरी दवाखान्यात जाऊन ऑक्सिजन घ्या, ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडू नका.

दुसरं म्हणजे झोप यावी म्हणून घेतलेली क्वार्टर. रात्री अकराला घेतली आणि पहाटे चारला स्टार्टर मारला, तर बहुतेकांच्या रक्तात तेव्हाही 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या वर दारू असते. कायद्याची मर्यादा तेवढीच आहे. वास गेला म्हणजे दारू गेली असं नसतं.

सावद्याची वहिनी

सगळं फोनवर वाचून दाखवलं. क्वार्टरचं वाचताना खोकले. पाइपचं विचारलं तं आधी काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले की तार बांधलेली आहे खरी, जोडाजवळ, दिवाळीपासून. आज इंदूरच्या पुढे एका पंपावर आत लावलीय, इंजिन बंद, पंखा बॅटरीवर.

दादा, एक गंमत. मी विचारलं, गाडीचं तोंड कुठे आहे, तर म्हणाले, दिल्लीकडे, रात्री झोपेतून उठून उलटा रस्ता धरायला नको म्हणून. हे त्यांना कोणी शिकवलं ते विचारायचं राहिलं.

लळिंगचा म्हातारा ड्रायव्हर

ज्याने एकदा उलटा रस्ता धरला असेल त्याने. मी एकदा शिरपूरहून मुंबईला जायला निघालो आणि उजाडलं तेव्हा सेंधव्याला होतो.

सावद्याची वहिनी

वेल्डिंग परत आल्यावर करतो म्हणालेत. घमेलं गाडीत आहेच, थंडीचं ठेवलेलं. गाडी दारात आली की आधी ते मी खाली उतरवते, मग पुढचं बोलू.