रेडिओवरून भरलेलं ते गाणं कोणाचं? सगळ्यांपुढे टाकावं की नको?

शहापूरकर
आबांनी रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली एक कॅसेट सापडली. दुसऱ्या बाजूला शेवटी एक मराठी भावगीत आहे. बाईचा आवाज, पेटी, तबला. निवेदनाआधीच टेप संपते. आबा आता नाहीत. आमच्याकडे बेळगावात रेडिओवर ७६५ किलोहर्ट्झला धारवाड केंद्र, १२५१ ला सांगली, दोन्ही लागायची, त्यामुळे केंद्रही कळत नाही. मला वाटतं, गाणं इंटरनेटवर टाकावं. जर्मनीत एनडीआर रेडिओवरून १९८४ च्या सुमारास भरलेलं एक गाणं असंच बिननावाचं होतं. २००७ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कळलं की ते 'फेक्स' नावाच्या बँडचं आहे. सतरा वर्षं लागली, पण नाव मिळालं की!

खानापूरची वाचक
दादा, माझा विरोध आहे. तो बँड होता, लोकांनी ऐकावं म्हणूनच गात होता. माझी आत्या लग्नाआधी रेडिओवर दोनदा गायली. सासरी तिनं ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तुमच्या कॅसेटमधल्या बाईचंही तसंच असेल तर? आधी केंद्रांत विचारा, जुन्या भजनी मंडळांत विचारा.

शहापूरकर
ताई, केंद्रातली त्या वेळची माणसं निवृत्त झाली. ती बाई तेव्हा विशीत असेल तर आज साठी ओलांडली असेल. अजून किती थांबायचं?

निपाणीकर
गाणं ओळखणाऱ्या ॲपच्या नादाला लागू नका. ज्यांची रेकॉर्ड निघाली तीच गाणी त्यांना ठाऊक असतात. केंद्रावर येऊन गाऊन गेलेल्यांची कुठली रेकॉर्ड? त्यापेक्षा टेपरेकॉर्डरचं मॉडेल बघा. जर्मनीत ते गाणं ज्यावर भरलं तो टेपडेक १९८४ चा निघाला, म्हणून साल धरता आलं. आणि त्याच बाजूला गाण्याआधी काय भरलंय? बातम्या, बाजारभाव, काहीही असेल तर शब्द न् शब्द उतरवून काढा.

वडगावचा
तुम्ही पाठवलेलं गाणं मी ऐकलं. 'चांदणं'मधला च ती 'चहा'तल्यासारखा म्हणते, तीनही वेळा. आमच्या शेजारच्या अक्का मराठी बोलतात तेव्हा अगदी असाच च येतो. ही बाई कन्नड घरातली असणार. नुसतं मराठी ग्रुपांत विचारून तिची माणसं कशी सापडतील?

टिळकवाडी
पटत नाही. गाणं मराठी, शब्द मराठी. एका अक्षरावरून बाई कन्नड ठरवायची? इथं आपलं म्हणून थोडंच उरलंय, तेही देऊन टाकायचं का?

वडगावचा
देऊन कुठं टाकतोय ओ? तिनं मराठी गाणं इतकं जीव लावून म्हटलंय. तिचं नाव कन्नड निघालं म्हणून गाणं कमी मराठी होतं काय? त्या जर्मन गाण्यासाठी लोकांनी देशोदेशी शोध घेतला आणि बँड निघाला उत्तर जर्मनीतल्या कील शहराचा, म्हणजे त्याच रेडिओच्या टापूतला. आपली बाईसुद्धा दोन गल्ल्या पलीकडची असेल.

शहापूरकर
'च'चं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्ता परत ऐकलं, खरंच आहे. कॅसेटवर आबांच्या अक्षरात फक्त 'गुरुवार रात्री' लिहिलंय. अख्खं गाणं टाकत नाही. वीस सेकंदांची क्लिप टाकतो, खाली मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड मजकूर कुणी तपासून द्याल का?

वडगावचा
अक्कांकडून तपासून घेतो, उद्या देतो.

खानापूरची वाचक
वीस सेकंदांतही आवाज ओळखू येतो, दादा. निदान खाली एवढं लिहा: ती स्वतः किंवा घरचं कुणी 'काढा' म्हणालं, तर त्याच दिवशी काढीन.