मदत हवी आहे: अमेरिकेतल्या नर्सिंग होमचा तपासणी रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितोय. माझी आत्या न्यू जर्सीत असते, पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आता हॉस्पिटलवाले म्हणतायत इतक्यात घरी नको, नर्सिंग होम बघा (तिकडे म्हणजे राहून देखभाल होते ती जागा, आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे). चवथीला येणार होती बिचारी. दादा (आतेभाऊ) दिवसभर कामावर, म्हणून रिपोर्ट वाचायचं काम माझ्या गळ्यात, का तर मी पंचायतीत क्लार्क, मला सरकारी कागद कळतात म्हणे! इथे वृद्धाश्रम बघायचा तर त्या गावातला कोणीतरी ओळखीचा गाठायचा, तिकडे सगळं मेडिकेअरच्या (म्हाताऱ्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) केअर कंपेअर साइटवर उघडं असतं.

पहिल्या जागेला चार स्टार, गेल्या तपासणीत त्रुटी दोनच, पण एकीपुढे जी अक्षर. दुसरीला तीन स्टार, त्रुटी नऊ, सगळ्या डी नाहीतर ई. शिवाय एफ ६८९, एफ ८१२ असले नंबर. दादाला चार स्टारवाली पटलीय, मला ते जी खटकतंय. कोणाला यातलं कळतं का?

प्रतिसाद १:
मी तिकडे एका नर्सिंग होमच्या ऑफिसात होतो, आता फोंड्याला. तुमचं खटकणं बरोबर आहे, त्रुटी किती ते नंतर बघा, आधी अक्षर. ए ते एल अशी बारा अक्षरं. ए-बी-सी किरकोळ. डी-ई-एफ म्हणजे इजा झाली नाही पण होऊ शकली असती, जी-एच-आय म्हणजे खरोखर इजा झाली, आणि जे-के-एल म्हणजे जिवावरचा धोका. प्रत्येक तिघांत पहिलं अक्षर एखाद-दुसऱ्या माणसापुरतं, दुसरं म्हणजे तेच पुन्हा पुन्हा होतंय, तिसरं सगळीकडे पसरलेलं. एफ नंबर हा नियमाचा, ६८९ अपघात आणि देखरेख, ८१२ स्वयंपाकघराची स्वच्छता. (तो एफ वेगळा, अक्षरातला एफ वेगळा, तिकडच्या लोकांचाही गोंधळ होतो.)

स्टारवर फार जाऊ नका. तपासणीचे स्टार त्याच राज्यातल्या बाकीच्यांशी तुलना करून देतात, आणि एकूण स्टारमध्ये क्वालिटीचे जे आकडे धरतात त्यातले बरेचसे नर्सिंग होमनेच भरून दिलेले असतात. मूळ रिपोर्ट उघडा, फॉर्म २५६७. डावीकडे तपासनिसाने काय पाहिलं ते, उजवीकडे सुधारणेचा प्लॅन, तो नर्सिंग होमवालेच लिहितात, तेव्हा गोडच असणार. डावी बाजू वाचा. आणि तक्रारीवरून झालेल्या तपासण्या वेगळ्या असतात, त्या सोडू नका.

धागाकर्ता:
खूप आभार. पहिल्या जागेची डावी बाजू वाचली, ते जी अक्षर ६८९ वरच आहे. ज्या बाईला उचलायला दोन माणसं लागतात असं कागदावर होतं तिला एकटीनेच उचललं, ती पडली, पाय मोडला. आत्यालाही सध्या दोघं लागतात. आधीच्या वर्षीही ६८९ आहे, तेव्हा डी होतं. दुसरीकडच्या नऊमध्ये जेवण, औषधांच्या नोंदी, एकाच्या खोलीतली बेल चालत नव्हती असलं. दादाला हे सगळं व्हॉट्सॅपवर मराठीत लिहून पाठवलं, तो आता दुसरी जागा बघायला जाणार आहे. शनिवार-रविवारी माणसं किती असतात ते कुठे दिसेल?

प्रतिसाद १:
त्याच पानावर, स्टाफिंगमध्ये, वीकेंडचे तास वेगळे दिलेत. दादाला सांगा रविवारीच जाऊन बघ, आणि शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट तिथे माग. कोणालाही बघता येईल असा ठेवायचा नियमच आहे, शोधाशोध करायला लागले तर समजा काय ते.