दायमाबादच्या पांढरीला भिंत घालावी का?

प्रवराकाठ: श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबादचं पांढरीचं (जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड पुरातत्त्व खात्याकडून संरक्षित आहे. सगळ्यात जुनी सावळदा ते सगळ्यात वरची जोर्वे, अशा पाच प्राचीन संस्कृतींचे थर एकावर एक. माझं म्हणणं सरळ आहे: चहूबाजूंनी पक्की भिंत घाला, आत नांगर पूर्ण बंद.

काळी_माती: आणि त्या भिंतीचा पाया? तीन फूट खणून तुम्हीच थर फोडणार! प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात शेतीला मुभा आहे, फक्त फूटभराच्या खाली जायचं नाही.

प्रवराकाठ: फूट मोजायला ट्रॅक्टरमागे कोण पळतंय? पलटी नांगर पाहिलाय ना?

बांधावरून: शहरात बसून भिंती घालणं सोपं असतं. त्याच कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीपासून संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरला परवानगी. पोराच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची म्हटली तरी कागद नाचवायचे. आणि १९७४ साली ब्राँझचा रथ, म्हैस, हत्ती, गेंडा कोणाला सापडले? झुडपाचा बुंधा खणणाऱ्या भिल्ल शेतकऱ्याला. ६० किलोच्या वर धातू!

खापरतुकडा: म्हणूनच तर त्यांच्या काळाचं भांडण मिटत नाही. शेतकऱ्याचा काडीचा दोष नाही (वितळवले नाहीत हेच नशीब), पण ते शास्त्रशुद्ध उत्खननात थरातून निघाले नाहीत. बरेच जण उत्तर हडप्पा काळ (हडप्पा संस्कृतीचा शेवटचा टप्पा) मानतात. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अगरवालांनी धातूतलं एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक बघून ते पुष्कळ नंतरचे, ऐतिहासिक काळातले असावेत असं म्हटलं. थर शाबूत असता तर हा वाद कशाला उरला असता?

आणि बांधावरून, जोर्वे हा सगळ्यात वरचा थर. ते लोक लहान मुलांना रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. फाळ आधी तिथेच लागणार.

बांधावरून: रांजणांचं माहीत नव्हतं. बरं, नांगर नको. पण मग भिंतीचे पैसे ज्याची पट्टी पडीक राहील त्याला दरवर्षी द्या. गवत वाढू दे, शेरडं चरतील.

काळी_माती: याला माझा पाठिंबा.

प्रवराकाठ: पैसे वेळेवर मिळतील यावर माझा विश्वास नाही, भिंतीचं मत कायम. शेरडं मात्र चालतील. ती फूटभर खणत नाहीत.