मदत हवी आहे: अल्बम क्रमाने कसा ऐकायचा? (आणि माझी काही मतं मागे घ्यायची आहेत)

नमस्कार मंडळी,

मदत दोन प्रकारची हवी आहे. एक फोनमधली, एक कानातली. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी जाते. स्लो लोकलने, कारण टेकायला मिळतं (तिघींच्या बाकड्यावर चौथी म्हणून बसायला टेकणं म्हणतात म्हणून). सव्वा तासाच्या वर वेळ जातो. दादाचा मुलगा, माझा भाचा, नव्या अल्बमची नावं पाठवतो आणि एका फेरीत एक अल्बम असा मी नेमच केलाय. ऑफिसात पोचलं की चहा यायच्या आत डायरीत दोन-चार ओळी मत. मी दादाच्या कॅसेटींवर वाढलेय, त्यामुळे अल्बम म्हटला की आधी ए बाजू, मग बी बाजू, आणि टेप अडकली की पेन घालून गुंडाळायची. वर्षभरात डायरी बरीच भरली. काही नोंदी जशाच्या तशा देते:

बिली आयलिश, 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' (२०२४): "कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज. आवडला. पण एक संथ गाणं अर्ध्यातच तुटतं आणि भलतंच धडधडणारं काहीतरी सुरू होतं. ॲपचा गोंधळ."

बियॉन्से, 'काउबॉय कार्टर' (२०२४): "२७ तुकडे. मधेच कोणी म्हातारबुवा आकाशवाणीवर बोलल्यासारखे बोलतात, कशाचा कशाला संबंध नाही. नुसता पसारा."

द क्युअर (इंग्लंडचा बँड), 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' (२०२४): "सगळी सारखीच रडवी. सुरुवातही नाही, शेवटही नाही. मधे एक मुलगी गाते ती बरी."

अरूज आफताब, 'नाइट रेन' (२०२४, इथे 'रेन' म्हणजे पाऊस नव्हे, राज्य): "रात्री ऐकायला हवं होतं. सकाळी मुंब्र्याला झोप आली. उर्दू शब्द छान, कोणाचे ते बघायचं."

टेलर स्विफ्ट, 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' (२०२४): "आधी १६ गाणी, दोन तासांनी आणखी १५. वाढणाऱ्याने पानातल्याने पोट भरलंय का ते तरी विचारावं."

दिवाळीत भाचा घरी आला होता. डायरी वाचून पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "आत्या, क्युअरमध्ये मुलगी गातच नाही गं. दाखव फोन." तर कळलं ते असं की वर्षभर माझं ॲप शफलवर, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावण्यावर, होतं. फुकटचं खातं. वर ते स्वतःच्या मनाने मधेमधे दुसऱ्यांची गाणीही घुसडत होतं. "तू अल्बम नाही ऐकलेस आत्या, पत्ते पिसलेस."

आणि बिलीचं ते तुटणारं गाणं? ते मुळातच तसं आहे म्हणे! संथ सुरू होऊन उत्तरार्धात पार बदलतं, तिने आणि तिच्या भावाने मुद्दाम केलंय. म्हणजे गाणारणीने केलेल्या गमतीचं खापर मी ॲपवर फोडलं आणि ॲपने केलेल्या गोंधळाचं गाणाऱ्यांवर.

आता प्रश्न:

१) फोनवर अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे काही न घुसता ऐकायचा तर नक्की काय काय बंद करायचं? पैसे भरणं हाच मार्ग आहे का?

२) ऑफिसात २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला 'नवं काय ऐकावं' यावर मला पंधरा मिनिटं बोलायचंय. किमान एक मराठी अल्बम हवा. सिनेमाचा नको, जुन्या गाण्यांचं संकलन नको, एका बैठकीत ऐकावा असा सलग हवा. शोधते तर सुटी गाणीच सापडतात.

३) वरच्यातली कुठली मतं आधी दुरुस्त करू? सगळं परत ऐकायचं तर पुढची दिवाळी उजाडेल.

– चौथी_सीट

तबकडीबहाद्दर

ताई, आधी फोनचं बघू.

गाणं चालू असताना पडद्यावर एकमेकांना छेदणारे दोन बाण दिसतात ते शफल. रंगीत असतील तर चालू, पांढरे किंवा करडे असतील तर बंद. काही ॲपांत फुकट खात्यावर ते बंदच होत नाही, तिथे उपाय नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोप्ले' बंद करा, नाहीतर अल्बम संपल्यावर ते आपल्या मनाने पुढे वाजवत बसतं आणि शेवटचं गाणं कुठलं ते कळत नाही. 'क्रॉसफेड' शून्यावर ठेवा, त्याने एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं. 'गॅपलेस' (दोन गाण्यांत खंड पडू न देणारं) मात्र चालू हवं, कारण कित्येक अल्बममध्ये दोन गाणी मुद्दाम जोडलेली असतात.

पैसे भरायचे नसतील तर यूट्यूबवर कलाकाराच्या अधिकृत चॅनलवर बहुतेक अल्बम क्रमाने लावलेले असतात. जाहिराती सोसाव्या लागतील. बँडकॅम्प या संकेतस्थळावर छोट्या कलाकारांचे अल्बम विकत घेऊन उतरवून घेता येतात, मग रेंज गेली तरी चिंता नाही.

आणि क्युअर आधी दुरुस्त करा. १६ वर्षांनी आलेला अल्बम, फक्त ८ गाणी, ४९ मिनिटं. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं होऊन गेल्याशिवाय माणूस तोंड उघडत नाही आणि शेवटचं गाणं दहा मिनिटांचं आहे. तुम्ही म्हणता सुरुवात-शेवट नाही. अहो, त्याच्याकडे दुसरं काही नाहीच, सुरुवात आणि शेवटच आहे!

खडूस_श्रोता

मी उलट बोलणार आहे, हलके घ्या.

क्रमाचं एवढं सोवळं कशाला? गाण्यात दम असेल तर ते कुठेही लागलं तरी धरतं. आपण सगळे रेडिओवर वाढलो, तिथे कोणी क्रम विचारला होता? ताईंनी शफलवर ऐकूनही बिलीचा आवाज आवडला असं लिहिलंय ना? मग झालं तर. क्युअर शफलवर रडवा वाटला, क्रमाने ऐकला तरी रडवाच वाटेल. फक्त आधी कुठलं रडायचं ते ठरलेलं असेल.

तबकडीबहाद्दर

@खडूस, २०२१ मध्ये गायिका ॲडेलचा '३०' हा अल्बम आला तेव्हा तिने स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपला सांगून अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलचं होतं ते बदलायला लावलं. गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो, हे तिचं म्हणणं. (बदल पैसे भरणाऱ्यांपुरताच होता, तो भाग वेगळा.) बिलीनेही २०२४ च्या अल्बममधलं एकही गाणं आधी सुटं काढलं नाही, सगळं एकदम ऐका म्हणाली. करणारेच सांगतायत तर एकदा ऐकून बघायला काय हरकत आहे?

खडूस_श्रोता

स्वयंपाकीण सांगते आधी वरणभात खा. मी आधी जिलबी खातो.

ह्यूस्टनचा_बंड्या

बियॉन्से आमच्या गावची, त्यामुळे मधे पडणं भाग आहे.

ते म्हातारबुवा म्हणजे कंट्री गायक (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत) विली नेल्सन! अल्बम आला तेव्हा नव्वदीचे होते. अख्खा अल्बम एका काल्पनिक रेडिओ केंद्रावर लागलाय अशी रचना आहे आणि ते तिथले निवेदक. निवेदन एकीकडे आणि गाणं दुसरीकडे गेलं तर पसाराच होणार. आणखी एका बाईंचा बोलण्याचा आवाज आहे, त्या लिंडा मार्टेल. १९६९ मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या मानाच्या मंचावर एकल गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कंट्री संगीत हे गोऱ्यांचं, तिथे तू कशाला, असं बियॉन्सेला ऐकवलं गेलं, त्याचं उत्तर म्हणून या दोघांना बसवलंय. बँजो वाजवलाय रियानन गिडेन्सने, आणि बँजो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. हे सगळं माहीत असलं की २७ तुकडे जोडले जातात. २०२५ मध्ये याला ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडलं.

तरी खरं सांगू? ७८ मिनिटं जास्तच आहेत. शेवटाकडे माझंही लक्ष घड्याळाकडे जातं.

मध्यमपदलोपी

मराठी अल्बम सापडत नाही याचं मला नवल वाटत नाही. आपलं भावगीत जन्मलंच तीन-साडेतीन मिनिटांच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकडीत. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं, संपलं. पुढे एलपी (जास्त वेळ चालणाऱ्या तबकड्या) आल्या, कॅसेटी आल्या, पण आपण त्यात बहुधा 'निवडक' आणि 'सुवर्ण' भरत राहिलो. आता पुन्हा सुटं गाणं आलंय, म्हणजे आपण घरी परत आलो म्हणायचं.

अपवाद दोन. पहिला जगाच्या आधीचा: गीतरामायण. १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. ते शफलवर लावून बघा. आधी सेतू बांधतील आणि मग रामजन्म.

दुसरा 'गारवा'. मिलिंद इंगळेंची गाणी आणि गाण्यांआधी सौमित्रची बोललेली कविता. विली नेल्सन वगैरे ठीक आहे, आमच्याकडे हे कॅसेटीत कधीच होऊन गेलंय. ताईंनी बियॉन्सेला पसारा म्हणावं आणि 'गारवा'वर जीव टाकावा (टाकला असणारच, वय जुळतंय), हे काही बरोबर नाही.

चौथी_सीट

@मध्यमपदलोपी, वय जुळतंय आणि जीवही टाकला होता. कॅसेट दोनदा विकत घेतली, एक वहिनी घेऊन गेली. मुद्दा कबूल. पण हे दोन्ही जुने झाले, ऑफिसातली तेवीस वर्षांची मुलं जांभया देतील.

@बंड्या, नव्वदीचे! मी त्यांना म्हातारबुवा म्हटलं ते राहू दे तसंच.

वऱ्हाडी_ठसका

काय राजेहो, नवीन मराठी शोधता अन् रॅपचं नावच नाही घेत?

'स्वदेसी' ऐका. मुंबईची पोरं, मराठीसकट चार-पाच भाषांत बोलतात. २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या आदिवासींचा प्रश्न घेऊन आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' केलं, अन् २०२० मध्ये 'चेतावनी' नावाचा आख्खा अल्बम काढला. सगळा मराठी नाही, पण ताईंच्या 'सलग' या अटीत बसते. त्यांच्यातला एमसी तोडफोड २०२२ मध्ये गेला, फार लहान वयात. ऑफिसात हे लावलं तर साहेब लोक चहा पिता पिता थांबतील, हे आधीच सांगून ठेवतो.

बाकी 'तांबडी चामडी' अन् 'गुलाबी साडी' दोन्ही २०२४ ची, दोन्ही सुटी. पहिलं तर स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं, म्हणजे मराठी हाउस (नाचाचं इलेक्ट्रॉनिक) संगीत थेट तिकडून. त्यावर नाक मुरडणारे माझ्याच घरी आहेत. वरातीत मात्र सगळ्यात पुढे तेच नाचतात.

खामनदीकाठची

अरूज आफताबचे शब्द कोणाचे ते मी सांगते. 'नाइट रेन'मधली 'ना गुल' आणि 'साकी' ही मह लका बाई चंदा यांची शायरी. अठराव्या शतकातली कवयित्री, पुढे हैदराबादच्या निजामाच्या दरबारात मोठा मान मिळालेली, पण जन्म आमच्या औरंगाबादचा, १७६८ चा. म्हणजे पाकिस्तानी घरातली, न्यूयॉर्कमध्ये राहणारी गायिका गातेय आणि शब्द मराठवाड्यात जन्मलेल्या बाईचे. तुमच्या भाषणात मराठी अल्बम नसला तरी मराठी माती आहे, असं म्हणून वेळ मारून न्या!

अवांतर: सतारवादक अनुष्का शंकरच्या तीन छोट्या अल्बमची मालिका (२०२३, २४, २५) ऐकली नसेल तर ऐका. पहिल्याची निर्मिती अरूजचीच आहे. तिन्ही मिळून तुमच्या एका फेरीत बसावेत.

निद्रानाश

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझंही गेली दोन वर्षं शफलवर होतं हे आत्ता बघितलं.

चौथी_सीट

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतेय, कारण प्रयोग झाला.

भाच्याने त्याच्या कुटुंबाच्या खात्यात मला घेतलं (बदल्यात दर रविवारी जेवायला येणार म्हणतो, तो तसाही येतच होता). बाण बंद, ऑटोप्ले बंद, क्रॉसफेड शून्य. सोमवारी क्युअर लावला.

डोंबिवली सुटलं. नुसते ढोल आणि वर पसरलेला कीबोर्ड. कोपर आलं, गेलं. शेजारच्या बाई मेथी निवडत होत्या, त्यांची अर्धी जुडी झाली तरी हा बाबा गायला नाही. आणि गायला लागला तेव्हा मला एकदम कळलं की मी त्याची वाट बघत होते. पुढे एक गाणं भावाच्या जाण्यावरचं आहे, ते भांडुपच्या आसपास आलं. शेवटच्या गाण्यात तर त्याने पुन्हा कितीतरी मिनिटं नुसतं वाजवलं, घाटकोपरची सगळी गर्दी आत शिरली तरी आवाज नाही. कुर्ल्याला अल्बम संपला. त्यानंतर दादरपर्यंत मी दुसरं काही लावलं नाही.

@खडूस, रडवा आहेच. तेवढं तुमचं बरोबर. पण डायरीतली 'सुरुवातही नाही, शेवटही नाही' ही ओळ खोडलीय. आणि जी मुलगी बरी गाते असं लिहिलं होतं ती कोण, ते आता कधीच कळणार नाही. कोणाला क्युअरच्या मधे घुसडलेली, हळू गाणारी, इंग्रजीच गाणारी मुलगी ओळखता आली तर कृपया कळवा.

भाषणाचं असं ठरलंय: 'चेतावनी' (साहेबांचं साहेब बघतील), 'नाइट रेन' मह लका बाईंच्या गोष्टीसह, आणि सुरुवातीला गीतरामायण शफलवर लावण्याची मध्यमपदलोपींची कल्पना त्यांच्या परवानगीने ढापतेय.

टेलर स्विफ्टही क्रमाने ऐकला. ३१ गाणी, दोन तासांच्या वर, म्हणजे जाताना अर्धा आणि येताना अर्धा. मत बदललेलं नाही. तिचे पंखे असतील त्यांनी भांडायला यावं, मी ५:४८ च्या लोकलला असते.