पीएमईजीपी: सातवी पास वहिनीच्या नावावर लाकडी घाणा बसेल का?

औसाकर:
औसा तालुक्यातल्या गावात वहिनींच्या नावावर पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगाला बँक कर्ज आणि सरकारी अनुदान) लाकडी तेलघाणा टाकायचाय. त्या सातवी पास आहेत. दोन घाणे, फिल्टर, शेड आणि कच्चा माल धरून 12 लाख होतात. 35 टक्के अनुदान हातात कधी पडतं? मशीनवाला निम्मी रक्कम आगाऊ मागतोय. भरावी का?

कर्जखातं:
आगाऊ एक रुपयाही देऊ नका. योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. मंजुरीआधीचं बिल फाइलमध्ये दिसलं की युनिट आधीच चालू आहे असं धरून प्रस्ताव परत येतो. आत्ता फक्त जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन घ्या.

उत्पादन उद्योग 10 लाखांच्या वर गेला की अर्जदार आठवी पास लागतो. म्हणून प्रकल्प 10 लाखांतच बसवा. ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के म्हणजे 3.50 लाख अनुदान. स्वतःचे 5 टक्के, 50 हजार. बँक कर्ज देते 9.50 लाख. अनुदान हातात येतच नाही. ते बँकेत 3 वर्षं मुदत ठेवीत अडकून असतं. त्या ठेवीला व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही, म्हणजे व्याज 6 लाखांवरच. 3 वर्षांनी प्रत्यक्ष पाहणीत युनिट चालू दिसलं तरच ठेव कर्जात वळती होते. मध्येच बंद पडलं तर अनुदान गेलं. हप्ता मात्र बँकेने सुरुवातीला दिलेली सूट संपली की येणारच, त्यासाठी 3 वर्षं थांबत नाही, ते गणित आधी मांडा.

घाणातेल:
2 लाख कुठून कमी करायचे ते सांगतो. सुरुवात एका घाण्यावर करा. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. शेडचं भाडं धरता येतं, तेही जास्तीत जास्त 3 वर्षांचं. आता खेळतं भांडवल, म्हणजे कच्च्या मालासारख्या रोजच्या खर्चाचा पैसा. एका खेपेला 15 किलो शेंगदाणे, दिवसाला 6 खेपा काढल्या तर 90 किलो, महिन्याला 2,700 किलो. किलोला 110 रुपये धरले तर 2.97 लाख. आकडा असा पायरीपायरीने दाखवला की मॅनेजर अडवत नाही. प्रकल्प अहवालात फुगवून 5 लाख लिहाल तर पुढे फसाल: 3 वर्षांत कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या उचलीची) मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरावी लागते, आणि सरासरी वापर 75 टक्क्यांच्या खाली गेला तर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. पेंडेचं उत्पन्न अहवालात धरायला बरेच जण विसरतात. गावात जनावरं आहेत, पेंड हातोहात खपते. थ्री फेज जोडणीचं महावितरणला आधीच विचारा, मशीन येऊन जोडणीवाचून पडून राहिलं तर हप्ता थांबत नाही.

उद्योगसाथी:
अर्ज ऑनलाइन, फी शून्य. एजंटला टक्केवारी देऊ नका, त्याचे छापील अहवाल बँकवाले लगेच ओळखतात. आधार, फोटो, शाळेचा दाखला, प्रकल्प अहवाल आणि ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला जोडा. 5 लाखांवरच्या प्रकल्पाला 10 दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण लागतं. ते झाल्याशिवाय बँक अनुदानाची मागणी पाठवत नाही.

औसाकर:
एक राहिलं. दादाने याच योजनेत पिठाच्या गिरणीला कर्ज घेतलंय.

कर्जखातं:
मग वहिनींना मिळणार नाही. एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको. तुम्ही दीर, तुमचं कुटुंब वेगळं, तुम्ही अर्ज करू शकता. ओबीसी असाल तर जात प्रमाणपत्रावर ग्रामीण भागात तेच 35 टक्के मिळतात. खुल्या गटातले असाल तर 25 टक्के, आणि स्वतःचे 10 टक्के घालावे लागतील. आठवी पास असाल तर 12 लाखांचा प्रकल्पही चालेल.